प्रकल्प नोंदी : सोलापूर मनपा निवडणूक आणि मोबाईलवरचा प्रचार

१६ डिसेंबर २०२५, मंगळवार

काल राज्य निवडणूक आयोगाने एकदाचा कार्यक्रम जाहीर केला. २९ महापालिका, १५ जानेवारीला मतदान, १६ ला मोजणी, आणि त्यात आपलं सोलापूर आहेच. आमचा एम.ए.चा प्रकल्प या एका तारखेसाठी अडकून बसला होता, विषय ठरलेला, मॅडमनी सही पण केलेली, पण निवडणूकच नाही तर प्रचार बघणार कुणाचा.

मागची मनपा निवडणूक २१ फेब्रुवारी २०१७ ला झाली. १०२ जागा, त्यात भाजपला ४९. त्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तेव्हापासून प्रशासक. म्हणजे जवळजवळ चार वर्षं शहरात नगरसेवकच नाही आणि आम्हा तिघांपैकी एकानेही अजून नगरसेवकासाठी मत दिलेलं नाही.

आणखी एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवते, पुढं लागणार आहे. २०१७ ला जिओ येऊन काही महिनेच झाले होते, इन्स्टाचं रील भारतात आलं जुलै २०२० ला, व्हॉट्सॲप चॅनल २०२३ ला, आणि ग्रुपमध्ये २५६ च्या जागी १०२४ माणसं घेता यायला लागली ती पण २०२२ मध्ये. म्हणजे गल्लीची निवडणूक आणि ही सगळी साधनं एकाच वेळी, हे सोलापुरात पहिल्यांदाच होतंय. २०२४ च्या लोकसभेला थोडी झलक दिसली होती, काँग्रेसच्या प्रणिती शिंदेंनी भाजपच्या राम सातपुतेंना उद्देशून खुलं पत्र टाकलं, तिकडून पण पत्रानंच उत्तर आलं आणि ज्याच्या त्याच्या स्टेटसला तीच पत्रं. पण खासदार आणि नगरसेवक यात फरक आहे, नगरसेवक म्हणजे ज्याला आपण ड्रेनेज तुंबलं की फोन करतो तो माणूस.

वाटणी अशी : मी जुळे सोलापूर आणि होटगी रोड बघणार, मैत्रीण साखर पेठेतली आहे, घरी तेलुगू बोलतात, तिच्याकडे पूर्व भाग, आणि शेळगीचा मित्र कानडी जाणतो म्हणून तिकडची बाजू आणि बाळे त्याच्याकडे. विजापूर वेशीच्या भागातल्या उर्दू पोस्ट वर्गातली एक मुलगी वाचून देणार आहे.

२० डिसेंबर, शनिवार

अजून कुणालाच तिकीट नाही, सगळे 'इच्छुक' आहेत. इच्छुकांची पेजं रोज बघतोय आणि शीटमध्ये भरतोय : पोस्ट कशाबद्दल, फोटोत कोण, टॅग कोणाला, खाली लोक काय विचारतात, उत्तर मिळालं का.

पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट डोळ्यात भरली. या पोस्ट मतदारासाठी नाहीतच. नेत्याचा वाढदिवस, नेत्याची भेट, नेत्याच्या दौऱ्याला नेलेली गाड्यांची रांग, आणि प्रत्येक पोस्टला शहराध्यक्षापासून पालकमंत्र्यापर्यंत सगळे टॅग. एका इच्छुकाचा पुतण्या कॉलेजला माझ्या ज्युनियर वर्गात आहे, तोच काकांचं पेज चालवतो, त्याने सरळ सांगितलं की ताई, मुलाखतीला जाताना फाईलमध्ये फॉलोअर किती, रीलला व्ह्यू किती याचे स्क्रीनशॉट लावलेत, पक्षाला दाखवायचं असतं की आपलं वजन आहे.

म्हणजे तिकिटाचा प्रचार वेगळा आणि मताचा प्रचार वेगळा. हे दोन कप्पे आम्ही शीटमध्ये आजपासून वेगळे केले.

आणि खाली कमेंटमध्ये लोक काय लिहितात? पाणी. जवळजवळ प्रत्येक पेजवर पाणी. "आमच्याकडं पाचव्या दिवशी आलं", "रात्री दोनला सोडतेत, झोपायचं कवा", "उजनी भरलंय न् आमचा नळ कोरडा". उजनी धरण ते सोलापूर समांतर जलवाहिनीची चर्चा आम्ही शाळेत असल्यापासून ऐकतोय, त्यामुळे लोकांचा प्रश्न एकदम साधा आहे, दररोज पाणी कधी येणार. उत्तर म्हणून पेजवाला दोन हात जोडलेली इमोजी टाकतो. मला याचा खरंच त्रास होतो. माणूस रात्री दोनला उठून पाणी भरतो, सकाळी कामाला जातो, त्यातून वेळ काढून नीट प्रश्न लिहितो, त्याला चार शब्दांचं उत्तर द्यायला काय हरकत आहे.

२४ डिसेंबर, बुधवार

नियमांचा दिवस. कालपासून अर्ज घेणं सुरू झालं.

एक गोष्ट सगळे घोळात घेतात म्हणून स्पष्ट लिहिते. लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोग घेतो, महापालिका राज्य निवडणूक आयोग घेतो, संविधानात त्यासाठी कलम २४३ के आणि २४३ झेडए आहेत. त्यामुळे टीव्हीवर ऐकलेला प्रत्येक नियम इथं जसाच्या तसा लागू आहे असं धरून चालत नाही. राज्य आयोगाचा माध्यम संनियंत्रण आणि जाहिरात प्रमाणनाचा स्वतःचा २०२५ चा आदेश आहे.

खर्चाची मर्यादा : सोलापूर महापालिकांच्या ड वर्गात येतं, उमेदवाराला ९ लाख. पुणे, नागपूर, मुंबईला १५ लाख. निकालानंतर ३० दिवसांत पूर्ण हिशेब द्यावा लागतो.

मेटाची, म्हणजे फेसबुक-इन्स्टाच्या मालक कंपनीची, ॲड लायब्ररी (जाहिरातींची सगळ्यांना बघता येणारी यादी) पण आज नीट बघितली. राजकीय जाहिरातीला पैसे कोणी दिले हे भारतात २०१९ पासून दाखवावं लागतं, आणि ती जाहिरात सात वर्षं लायब्ररीत राहते. ऐकायला छान वाटतं. पण खर्च नेमका दिसत नाही, एवढ्या ते एवढ्या रुपयांत असा दिसतो, आणि जागा दाखवताना महाराष्ट्र म्हणतं. आता महाराष्ट्र कळून मी काय करू, मला नीलम नगर कळायला पाहिजे. शिवाय आमच्या यादीतल्या बऱ्याच जणांची एकही जाहिरात तिथं नाही, आणि त्यांचे चेहरे तर माझ्या फोनवर दिवसभर येतायत. ते येतायत कुठून, तर स्टेटसवरून, ग्रुपवरून, आणि सोलापुरी कॉमेडी टाकणाऱ्या पेजवरच्या 'कोलॅब' रीलमधून. यातलं काहीच लायब्ररीत सापडणार नाही.

३० डिसेंबर, मंगळवार

अर्जाचा शेवटचा दिवस आणि शहरात नुसता एबी फॉर्मचा, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या कागदाचा विषय. कोणाला मिळाला, कोणाचा कापला, कोण दुपारी दुसऱ्या पक्षात गेला.

आज पेजवर जे झालं ते शीटमध्ये भरता भरता हात दुखला. एका माजी नगरसेवकाचं कव्हर सकाळी एका रंगाचं आणि संध्याकाळी दुसऱ्या रंगाचं. मागच्या तीन वर्षांच्या नेत्यासोबतच्या पोस्ट गायब. शेळगीच्या मित्राने बरं केलं, त्याने वीस तारखेलाच सगळ्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवलेले. फेसबुकवर पेजचं नाव बदललं तर पेज ट्रान्सपरन्सीमध्ये जुनं नाव दिसतं, ते पण नोंदवून घेतलं. मला वाटतं मतदाराला हे दिसलं पाहिजे. पक्ष बदलणं हा त्या माणसाचा प्रश्न, पण काल जे बोलला ते पुसून टाकून आज नव्याने ओळख करून देणं हे मतदाराची माहिती काढून घेण्यासारखं आहे.

तिकीट न मिळालेल्यांनी पण सोशल मीडियाच गाठला. एका ताईंनी गाडीत बसूनच लाईव्ह केलं, पंधरा वर्षं पक्षाचं काम केलं म्हणून रडल्या. शंभर टक्के खरं रडणं होतं ते. आमच्या काकूंनी ते बघून सांगितलं की अपक्ष उभी राहिली तर मी हिलाच देणार.

३ जानेवारी २०२६, शनिवार

काल माघार संपली, आज चिन्हं मिळाली. आता खरा प्रचार, आणि दिवस फक्त दहा.

२६ प्रभाग, त्यातले २४ चार सदस्यांचे आणि दोन तीन सदस्यांचे. म्हणजे बहुतेक मतदारांना चार मतं द्यायचीत, प्रभागातल्या अ ब क ड या प्रत्येक जागेला एक. मतपत्रिकेचा रंग पण वेगळा, अ पांढरा, ब फिकट गुलाबी, क फिकट पिवळा, ड फिकट निळा. हे समजावून सांगणारं कोणीतरी पाहिजेच, आणि ते काम सगळ्यात चांगलं रीलने केलं हे मान्य करायला पाहिजे. पुठ्ठ्याचं डमी मशीन घेऊन पोरं दाखवतायत, हे पांढरं, इथं एक बटण, हे गुलाबी, इथं एक, चारही दाबल्यावरच मत पूर्ण. अर्थात प्रत्येक रीलमध्ये बोट आपल्याच चिन्हावर जातं, पण आजीला कळलं तर कळलं.

अपक्षांची हालत बघवत नाही. पक्षाचं चिन्ह लोकांना पाठ आहे, यांना आज दुपारी चिन्ह मिळालं आणि दहा दिवसांत ते घराघरात न्यायचंय. त्या गाडीतल्या ताई अपक्ष आहेत. चिन्ह मिळाल्यावर तासाभरात त्यांच्या भावाने डीपी, स्टेटस, स्टिकर सगळं बनवलं आणि नातेवाईकांना सांगितलं की तेरा तारखेपर्यंत सगळ्यांचा डीपी हाच. डीपीला पैसे लागत नाहीत. पैसेवाल्या पॅनेलसमोर (प्रभागातले एका पक्षाचे सगळे उमेदवार मिळून पॅनेल) त्यांच्याकडे एवढंच आहे आणि त्यांनी ते जीव तोडून वापरलं.

५ जानेवारी, सोमवार

पूर्व भागात गेलो, मैत्रीण आणि मी. अशोक चौकातून पुढं एका गल्लीत उमेदवार येणार होते, पॅनेलमधले चौघंही.

चौघांच्या आधी दोन पोरं आली, एकाच्या हातात गिंबल (शूटिंग करताना मोबाईल हलू नये म्हणूनची दांडी), दुसऱ्याकडे कॉलर माईक. त्यांनी गल्ली बघितली आणि एका घराच्या पायरीवर विड्या वळत बसलेल्या अक्कांना गाठलं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कात्रीने पान कापून ठेवलेलं. पोरगं म्हणलं, अक्का तुम्ही असंच वळत राहा, साहेब येऊन बाजूला बसतील. मग चौघांतले एक उमेदवार आले, पायरीवर बसले, सुपाला हात लावला. अक्कांनी वळणं थांबवलं नाही. त्यांनी तेलुगूत विचारलं, आणि मैत्रिणीने मला लगेच हळू आवाजात सांगितलं : पाणी रात्री दीडला येतंय, मी एकटी, गुडघ्याने जिना चढवत नाही, दिवसा सोडायला सांगाल का. या उमेदवारांना तेलुगू येत नाही. ते हसले, मान हलवली, नमस्कार केला. गिंबलवाला म्हणला साहेब परत एकदा, उजेड मागून येतोय. परत बसले. अक्कांनी परत तेच विचारलं.

संध्याकाळी रील आलं. खाली वाद्यांचं दणदणीत गाणं, वर "कष्टकरी माऊलीचा आशीर्वाद". अक्कांचे ओठ हलताना स्पष्ट दिसतात. आवाज काढून टाकलेला.

मी ते रील परत परत बघितलं आणि प्रकल्पात हे आलंच पाहिजे असं आम्ही ठरवलं. त्या बाईने आशीर्वाद दिलाच नव्हता, प्रश्न विचारला होता. तिचा चेहरा, तिचं सूप, तिची पायरी सगळं वापरलं आणि तिचं बोलणं तेवढं काढून टाकलं. पॅनेलमधल्या दुसऱ्या उमेदवाराला तेलुगू येतं, तो तिथंच दोन फुटांवर उभा होता, त्याने सांगितलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.

रील बनवणाऱ्या पोराशी नंतर बोललो. चांगला मुलगा आहे, लग्नाचे व्हिडिओ करतो. त्याने इनसाईट दाखवले. बघणारे कुठले तर सोलापूर पहिलं, पण त्याच्या मागोमाग पुणे. म्हणजे हिंजवडी-वाघोलीत नोकरीला गेलेली आपलीच पोरं. त्यांच्यातले बरेच जण तिकडचे मतदार झालेत आणि पुण्यात पण त्याच दिवशी मतदान आहे. तरी म्हणला, व्ह्यू वाढतात ना, साहेब खूश.

८ जानेवारी, गुरुवार

आज कळलं की मत कुठं फिरतं.

माझ्या मावशीच्या गल्लीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, बरीच वर्षं जुना, पाणी कधी सोडणार हे कळवण्यासाठी काढलेला. पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला फोन करून एक दादा रोज टाकतो : "आज रात्री ११ नंतर", "उद्या नाही, परवा पहाटे", "मोटार लावू नका, पुढं प्रेशर नाही". शहरभर असे ग्रुप आहेत, चाळीचे, सोसायटीचे, मंडळाचे. नगरसेवक नव्हते त्या काळात यांनीच काम केलं, पाण्याची वेळ, लाईट गेली, लसीकरण कुठं, लाडकी बहिणीचं ई-केवायसी कसं करायचं.

तो दादा एका उमेदवाराचा कार्यकर्ता आहे. तो ग्रुपवर प्रचार करत नाही, किंवा अगदी कमी करतो. त्याने काय केलं तर मतदार यादीचं ॲप मोबाईलवर घेतलं, नाव टाकलं की भाग क्रमांक, अनुक्रमांक, केंद्र सगळं येतं, आणि त्याची चिठ्ठी इमेज म्हणून थेट व्हॉट्सॲपला जाते. वर उमेदवाराचा फोटो आणि चिन्ह, खाली तुमचं नाव आणि शाळेची खोली. छोटा प्रिंटर कमरेला लावलेली पोरं पण फिरतायत, दुकानात बिल निघतं तशी चिठ्ठी हातात देतात. मावशीला तिची, काकांची, दोन्ही सुनांची चिठ्ठी एकाच मेसेजमध्ये आली. मावशीने एकही रील बघितलेलं नाही. पण ती चिठ्ठी तिने उघडली, झूम करून वाचली आणि सुनांना पाठवली, कारण रोज पाण्याची वेळ सांगणाऱ्या माणसाने पाठवलीय.

माझ्या मते सगळ्या प्रकल्पाचा गाभा हा आहे. फेसबुकचं पेज पक्षाला दाखवायला, रील शहराला आणि पुण्याला दाखवायला, आणि मत मागायला गल्लीतला तो ग्रुप, जो निवडणुकीसाठी काढलेलाच नव्हता. तिथला विश्वास पैशाने विकत मिळत नाही, चार वर्षं रोज पाण्याची वेळ सांगूनच मिळतो. तो दादा खरंच लोकांच्या उपयोगी पडलाय, हे मी मनापासून लिहिते. पण ग्रुपवर कोणी विचारलं की पाणी रोज कधी येणार, तर तोच दादा लिहितो, "निवडणूक होऊ दे, मग बोलू".

एक प्रश्न मात्र सुटत नाही. मतदार यादीत मोबाईल नंबर नसतो. मग मावशीच्या दोन्ही सुनांचे नंबर त्यांच्या नावासमोर आले कुठून? विचारलं तर प्रत्येक जण वेगळं सांगतो, मंडळाच्या वर्गणीची वही, लाडकी बहिणीचे फॉर्म भरायला लावलेलं टेबल, आरोग्य शिबिराचं रजिस्टर. बाई योजनेचा फॉर्म भरायला नंबर देते, प्रचारासाठी देत नाही. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि मुख्य तरतुदींना १८ महिने मुदत. म्हणजे या निवडणुकीला त्याचा उपयोग नाही.

आमच्यापुरतं : ग्रुपमधल्या कोणाचंही नाव, नंबर, फोटो आम्ही साठवत नाही. ॲडमिनला विचारूनच ग्रुपमध्ये आहोत.

१० जानेवारी, शनिवार

एआयचं आलंच. पाच तारखेच्या गल्लीतलेच उमेदवार, ज्यांना तेलुगू येत नाही, त्यांचा आज तेलुगूत बोलतानाचा व्हिडिओ फिरतोय. आवाज त्यांचाच वाटतो, ओठ पण बऱ्यापैकी जुळतात. मैत्रिणीच्या आजींनी बघून लगेच सांगितलं, हे आपल्याकडचं बोलणं नव्हे, हैदराबादच्या टीव्हीवर बोलतात तसं आहे. सोलापूरच्या तेलुगूत निम्मं मराठी मिसळलेलं असतं, मशीनला ते कुठून येणार.

व्हिडिओवर एआयचं लेबल कुठंच नाही. भारत निवडणूक आयोगाने २४ ऑक्टोबर २०२५ ला पक्षांना सांगितलंय की असा मजकूर असेल तर दिसणाऱ्या भागाच्या किमान १० टक्के जागेत लेबल पाहिजे, ऑडिओ असेल तर सुरुवातीच्या १० टक्के वेळात सांगायला पाहिजे, आणि दिशाभूल करणारं असेल तर लक्षात आल्यापासून तीन तासांत काढायचं. मनपाची निवडणूक त्यांच्याकडे नाही, पण लोकांशी खरं बोलायचं तर लेबल लावायला आदेशच पाहिजे असं थोडंच आहे.

आम्ही चारही भाषांतले मेसेज शेजारी शेजारी ठेवले. एकाच पॅनेलचे आहेत. मराठीत रस्ते आणि विमानसेवा, तेलुगूत यंत्रमाग आणि समाजाचं भवन, कानडीत ग्रामदैवत सिद्धेश्वर महाराज आणि मठ, उर्दूत कब्रस्तानची भिंत आणि शाळा. वेगवेगळ्या लोकांच्या वेगवेगळ्या गरजा असतात हे बरोबर आहे. पण प्रत्येक भाषेत ज्याची कमेंट आहे ते पाणी चारही मेसेजमध्ये एका ओळीत उरकलंय, "मुबलक पाणी". किती दिवसाआड, कधीपर्यंत, काही नाही.

१२ जानेवारी, सोमवार

एका उमेदवाराचा हिशेब लिहिणाऱ्या काकांकडे बसलो. निवृत्त क्लार्क आहेत, अक्षर मोत्यासारखं, एकेक बिल टाचणीने लावलेलं. चहा, वडापाव, खुर्ची, मंडप, रिक्षा, स्पीकर यांचे दर ठरलेले असतात, त्याप्रमाणे दिवसाचा खर्च लिहितात.

सोशल मीडियाच्या रकान्यात काय लिहिता विचारलं. पैसे भरून बूस्ट केलेल्या पोस्टची पावती असते, ती लावतो म्हणाले. गिंबलवाला पोरगा? "आपलाच पोरगा हाय, स्वयंसेवक." कॉमेडी पेजवरचं रील? "त्यांनी प्रेमानं केलं." बल्क मेसेज? यावर काका गप्प बसले आणि चहा मागवला. त्या कॉमेडी पेजवाल्याने आम्हाला एका रीलचा दर सांगितलाय, चार आकडी आहे, आणि रोख घेतो. मी काकांना दोष देत नाही, त्यांच्यापर्यंत बिल आलंच नाही तर ते लिहिणार कसं. पण खुर्चीचा हिशेब रुपया-रुपयाने आणि रीलचा प्रेमाने, असं चाललं तर ९ लाखांच्या मर्यादेला अर्थ काय राहिला. गाडीतल्या ताईंसारख्या उमेदवाराचं यात सगळ्यात जास्त नुकसान होतं.

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत

काल संध्याकाळी साडेपाचला जाहीर प्रचार संपला. स्पीकर बंद, रिक्षा बंद. सिद्धेश्वर महाराजांच्या गड्ड्याच्या यात्रेमुळे गावात तशीही गर्दी, नंदीध्वज (यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या) निघालेले, होम मैदानावर पाळणे, आणि त्यातच उद्या मतदान.

फोन मात्र बंद झाला नाही. सकाळपासून "तिळगूळ घ्या गोड गोड बोला" च्या इमेज येतायत आणि प्रत्येकीवर उमेदवाराचा फोटो. काहींनी चिन्ह काढलंय, काहींनी ते पण ठेवलंय. पांढऱ्या बाराबंदीतले, नंदीध्वजाला हात जोडलेले फोटो तर सगळ्यात जास्त. मित्राच्या घरचे पिढ्यानपिढ्या नंदीध्वजाच्या सेवेत आहेत. त्याच्या वडिलांनी फोन बाजूला ठेवला आणि म्हणाले, महाराजांना पॅनेलमध्ये ओढू नका रे. त्यांचा राग मला पटतो. ६८ लिंगांची प्रदक्षिणा करणारा माणूस वर्षभर त्या चार दिवसांची वाट बघतो.

शीटमध्ये आज नवा कप्पा केला, शांततेच्या काळातल्या शुभेच्छा. पाठवणारा जवळजवळ प्रत्येक वेळी समर्थक, पेजवर काहीच नाही, सगळं स्टेटस आणि ग्रुपवर.

१६ जानेवारी, शुक्रवार

काल मतदान केलं, चारही बटणं, पहिल्यांदाच. रांगेत पुढच्या बाईंनी मोबाईलवरची चिठ्ठी दाखवून खोली विचारली.

आज निकाल, भाजपला स्पष्ट बहुमत. कोण का जिंकलं हे आमच्या शीटवरून सांगता येत नाही आणि तसा दावा अहवालात कुठंही करायचा नाही, हे तिघांनी परत एकदा ठरवलं. आमच्या यादीतले भरपूर व्ह्यूवाले जिंकले पण आणि पडले पण. गाडीतल्या ताई पडल्या. रात्री त्यांनी एक लहान व्हिडिओ टाकला, ज्यांनी मत दिलं त्यांचे आभार आणि पाण्याचा फोन करायचा असेल तर नंबर तोच आहे. आमच्या यादीत हे उत्तर पाण्याच्या कमेंटला मिळालेलं सगळ्यात सरळ उत्तर.

२५ जानेवारी, रविवार

निकालानंतर काय होतं ते बघायला थांबलो होतो. पेजवर आठवडाभर सत्काराचे फोटो, परत नेते टॅग, बहुतेक महापौर आणि समित्यांची नावं ठरायची आहेत म्हणून. म्हणजे पेज परत पक्षाकडे वळलं. डिसेंबरचे आणि आजचे स्क्रीनशॉट शेजारी ठेवले तर तारीख झाकल्यावर ओळखता येत नाहीत.

प्रचारासाठी काढलेले ग्रुप बहुतेक 'फक्त ॲडमिन' झालेत. लोक लिहू शकत नाहीत. मावशीच्या गल्लीचा पाण्याचा ग्रुप उघडाच आहे, दादाने परवा टाकलं, "रात्री १ नंतर". खाली एका सुनेने विचारलं, आता तर निवडणूक झाली, रोजचं काय? दादाने लिहिलं की साहेबांना विचारून सांगतो. आम्ही ही तारीख नोंदवून ठेवलीय, उत्तर आलं तर त्याची पण नोंदवू.

मैत्रीण पूर्व भागातल्या अक्कांना ते रील दाखवून आली. त्यांना माहीतच नव्हतं आपण त्यात आहोत. अहवालात त्यांचा प्रश्न तेलुगूत, देवनागरीत लिहून, खाली मराठी अर्थासह छापायला त्यांनी होकार दिलाय, नाव नको म्हणाल्या.

मॅडमनी प्रकरणांचा क्रम मागितलाय. आमचा आधीचा क्रम फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सॲप असा होता, तो उलटा केला. पहिलं प्रकरण गल्लीतल्या पाण्याच्या ग्रुपचं, दुसरं चिठ्ठी आणि नंबर, तिसरं रील, चौथं भाषा आणि एआय, आणि ॲड लायब्ररी शेवटी. खर्चाचं प्रकरण १५ फेब्रुवारीपर्यंत थांबवतोय, तोपर्यंत ३० दिवस होतील आणि उमेदवारांचे हिशेब जमा झालेले असतील, मग ते बघायला मागायचा अर्ज करणार. अर्जाचा मसुदा मित्र लिहितोय.